माणसं वाचली, एवढ्यानं हिशोब मिटत नाही

घराला आग लागल्याची बातमी आपल्याकडे ठरलेल्या साच्यात येते. शॉर्टसर्किटचा अंदाज, संसारोपयोगी साहित्य जळून खाक, इतक्या लाखांचं नुकसान, बंब येईपर्यंत होत्याचं नव्हतं झालं, आणि शेवटी एक वाक्य: सुदैवाने जीवितहानी झाली नाही. बातमी तिथे संपते आणि बहुतेकांची विचारपूसही तिथेच संपते. भेटायला येणारे पाहुणे, गल्लीतली माणसं, नगरसेवक, सगळे त्या कुटुंबाला एकच सांगतात: माणसं वाचली ना, वस्तूंचं काय, वस्तू परत घेता येतात. सांगणाऱ्याच्या मनात माया असते. तरीही हा विचार उथळ आहे असं माझं ठाम मत आहे. त्याहून वाईट म्हणजे, या विचारामुळे जळितग्रस्तांवर अन्याय होतो आणि तो अन्याय कुणाला दिसतही नाही.

माझं म्हणणं असं. घरातल्या वस्तूंपैकी एक मोठा भाग माणसापासून सुटा नसतो. त्याची ओळख, त्याचे हक्क, त्याची नाती आणि गावातली त्याची जागा या गोष्टी घरातल्या वस्तूंना धरून उभ्या असतात. म्हणून कातडीला चटकाही न लागता आग माणसाला जखमी करू शकते. ही जखम आपण जखम म्हणून मान्य करत नाही. त्यामुळे आपला पंचनामा तोकडा, मदत तोकडी, विमा तोकडा आणि सांत्वनही तोकडं.

१. नाट्यगृह जळालं तेव्हा कोणी असं म्हणालं नाही

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झाली होती. ज्यांचं नाव तिला पुढे मिळालं त्या केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला होती. आगीत कोणाचा जीव गेला नाही. पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिथे जमलेल्या गर्दीत 'माणसं वाचली, इमारतीचं काय' असं कोणी म्हणालं नाही. ज्येष्ठ रंगकर्मी लहान मुलांसारखे रडले. सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला तेव्हा शहराने एकच अट लावून धरली: जसं होतं तसं बांधा.

या अटीकडे नीट बघायला हवं. नाटकाला जागा हवी एवढाच प्रश्न असता, तर शहराबाहेर मोकळ्या जागेवर जास्त खुर्च्यांचं, मोठ्या वाहनतळाचं नवं सभागृह बांधणं सोपं होतं. ते कोणालाच नको होतं. केशवराव, बालगंधर्व यांच्या काळाशी त्या जागेचं नातं आहे, शेजारी खासबागेचं मैदान आहे, आणि कोल्हापूरकर स्वतःला जे समजतात त्याचा एक तुकडा त्या भिंतींमध्ये आहे, हे सगळ्यांना न सांगता कळलं होतं. म्हणजे निर्जीव वस्तू माणसाच्या ओळखीचा भाग असू शकते, हे तत्त्व आपण आधीच मान्य केलेलं आहे. सार्वजनिक वास्तूच्या बाबतीत मान्य केलं आहे, इतकंच. मग मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या जळाल्या की हे तत्त्व कुठे जातं?

यावर उत्तर येईल की नाट्यगृह हजारोंचं असतं, घर चार माणसांचं. हे उत्तर पुरेसं नाही. संख्येवरून रडणारे किती हे ठरतं. नुकसान खरं की खोटं हे त्यावरून ठरत नाही. उलट एका अर्थाने घराचं नुकसान जास्त संपूर्ण असतं. नाट्यगृहाचे नकाशे असतात, शेकडो छायाचित्रं असतात, पुस्तकांत वर्णनं असतात, तीन पिढ्यांच्या आठवणी शहरभर पसरलेल्या असतात. त्या गोळा करून वास्तू पुन्हा उभी करता येते. घराचं दप्तर मात्र घरातच असतं. आईचा एकुलता एक फोटो, वडिलांच्या अक्षरातली हिशोबाची वही, लेकीने पहिल्या इयत्तेत काढलेलं चित्र, यांची दुसरी प्रत कोणत्याही ग्रंथालयात नसते. मूळ वस्तू आणि तिची आठवण देणारं साधन, दोन्ही एकाच आगीत जातात.

२. सोनं उरतं, साज जातो

आता हाच मुद्दा जास्त काटेकोरपणे तपासू. समजा, एक कोल्हापुरी साज गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका पेढीत आगीत सापडला आणि अगदी तसाच दुसरा साज करवीर तालुक्यातल्या एखाद्या घरात. सोनं जळून राख होत नाही. फार उष्णता लागली तर वितळतं आणि राखेत गोळा होऊन सापडतं. वजन जवळपास तेवढंच भरतं. गेलेलं असतं ते रूप: एकवीस पानं, त्यांच्यावरचं काम, आणि ज्या गळ्यांतून तो साज उतरत आला त्यांचा वापर.

पेढीच्या मालकाला त्या गोळ्याचा भाव आणि घडणावळ मिळाली की त्याचं नुकसान भरून निघतं. तो नवा साज घडवील आणि विकील. घरातल्या बाईला तेवढेच पैसे दिले तर? ती नवा साज घेऊ शकेल, पण सासूने लग्नाच्या दिवशी स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातलेला साज तिला परत मिळणार नाही. बाजारभावाने बघितलं तर तिचं नुकसान फक्त घडणावळीचं आहे. असं कोणी तिला तोंडावर म्हणून दाखवावं! सोनं हातात असूनही ती सगळं गेलं म्हणून रडते, आणि तिचं रडणं आपल्यापैकी कोणालाच वेडेपणाचं वाटत नाही. म्हणजे वस्तूचं मोल दोन प्रकारचं असतं आणि त्यातलं एकच तोळ्यात मोजता येतं, हे आपल्याला मनातून ठाऊक असतं.

अमेरिकन कायदेपंडित मार्गारेट जेन रेडिन यांनी १९८२ मध्ये नेमका हा भेद मालमत्तेच्या कायद्यासंबंधी मांडला. काही मालमत्ता अशी असते की तिच्या बदल्यात तेवढ्याच किमतीची दुसरी मालमत्ता आली की फरक पडत नाही. काही मालमत्ता व्यक्तीच्या स्वत्वाशी बांधलेली असते आणि तिला पर्याय नसतो. त्यांनी उदाहरण अंगठीचं दिलं होतं: सराफाची चोरीला गेलेली अंगठी विम्याच्या पैशांत भरून निघते, प्रेमाने अंगठी घालणाऱ्याची निघत नाही. कायद्याने दुसऱ्या प्रकारच्या मालमत्तेला जास्त संरक्षण द्यावं, असा त्यांचा आग्रह होता. मला तो पटतो.

प्रत्येक जळालेली वस्तू अमोल असते, असं मी म्हणत नाही. फ्रीज, टीव्ही, गॅसची शेगडी, प्लास्टिकच्या खुर्च्या या वस्तूंच्या बाबतीत प्रचलित मत बरोबरच आहे. त्या परत घेता येतात, पैसे असतील तर. पण ज्या गोधडीत वारलेल्या आजीच्या दोन लुगड्यांचे पदर शिवलेले आहेत, ती परत घेता येत नाही. देव्हाऱ्यातले घासून घासून नाक-डोळे पुसट झालेले टाक परत घेता येत नाहीत. अशा वस्तूंची बाजारात काहीच किंमत नसते. म्हणूनच पंचनाम्यात त्या येत नाहीत. जे सगळ्यात जास्त जातं ते सगळ्यात कमी मोजलं जातं, अशी ही उलटी व्यवस्था आहे.

३. कागद म्हणजे हक्क

भावनेचा मुद्दा ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी हा तिसरा टप्पा. पत्र्याच्या पेटीत ठेवलेले कागद ही भावनेची बाब नाही.

महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि पडताळणी यांसाठी ठराविक तारखांपूर्वीचे पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांच्या जमिनीचा जुना उतारा, एखादी मोडीतली नोंद. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावच्या घरांत माळ्यावरच्या पेट्या उघडल्या गेल्या आणि पिवळ्या पडलेल्या एका कागदावर नातवाचं शिक्षण अवलंबून असतं, हे घराघराला कळलं. ती पेटी जळाली तर काय जळालं? वस्तू की नातवाचा हक्क?

सातबारा आता ऑनलाइन आहे, नोंदणीकृत दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, शाळेच्या रजिस्टरवरून दाखला पुन्हा काढता येतो, हे खरं आहे. ज्याला कचेऱ्यांची वाट माहीत आहे आणि मजुरी बुडवून खेपा घालणं परवडतं, त्याच्यासाठी ते जास्त खरं आहे. शिवाय कितीतरी कागदांची नक्कल कुठेच नसते: भावाभावांत पंचांसमोर झालेलं साध्या कागदावरचं वाटणीपत्र, हातउसन्या पैशांची चिठ्ठी, भिशीची वही. हे जळाले की माणूस आपल्याच घरच्यांसमोर पुराव्याविना उभा राहतो.

कागदाची किंमत सरकारला स्वतःला पुरती ठाऊक आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. त्या आगीत पाच माणसं गेली, आणि जळालेल्या फायली निरनिराळ्या कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा उभ्या करायला सगळं प्रशासन कामाला लागलं. ते योग्यच होतं. मग नागरिकाची पेटी जळते तेव्हा प्रत्येक खिडकीपुढे त्याने एकट्याने का उभं राहायचं?

४. जाळणाऱ्याला जे कळतं

वस्तूंचा अर्थ सांत्वन करणाऱ्यापेक्षा जाळणाऱ्याला जास्त नीट कळलेला असतो. आपल्या इतिहासातली जळितं हे दाखवतात.

गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात, त्यात कोल्हापूर संस्थान आणि सांगली-साताऱ्याच्या गावांत, ब्राह्मणांची घरं जाळली गेली. खून एकाने केला आणि त्याची शिक्षा त्याच्या जातीतल्या हजारो निरपराध कुटुंबांना दिली गेली. अनेक गावांत माणसांना आधी बाहेर काढलं आणि मग घर पेटवलं. 'माणसं वाचली ना' या मोजपट्टीने त्या गावांत फारसं काही घडलंच नाही, असं म्हणावं लागेल. प्रत्यक्षात त्यातली कितीतरी कुटुंबं गाव सोडून पुण्या-मुंबईला गेली ती परत आलीच नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचं धान्य, भांडी, पोथ्या, जमिनीची दप्तरं एका दिवसात गेली, आणि त्यांच्याबरोबर 'हे माझं गाव' असं म्हणायची जागाही गेली. व्यंकटेश माडगूळकरांनी त्या दिवसांवर 'वावटळ' ही कादंबरी लिहिली.

तीस वर्षांनी, जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. माणसंही मारली गेली. जात बदलली, सत्तेचं पारडं फार वेगळं होतं, आणि या दोन घटनांना एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. तरी जाळणाऱ्याचं तर्कशास्त्र एकच दिसतं: तुमचं इथे असणं आम्हाला नको. ते सांगण्यासाठी त्याने कणगी, छप्पर आणि भांडीकुंडी निवडली. कारण माणूस गावात रुजतो तो याच गोष्टींच्या आधाराने, हे त्याला माहीत होतं.

कोल्हापूरचंच आणखी एक उदाहरण. १९४८ च्या त्याच दिवसांत चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. त्यात 'मीठभाकर' हा चित्रपटही गेला. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ उभा केला, चित्रपट पुन्हा चित्रित केला आणि तो १९४९ मध्ये पडद्यावर आला. ही गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण तिचा उत्तरार्धही सांगायला हवा. कर्जाचं ओझं उतरलं नाही आणि अखेर स्टुडिओची मालकी भालजींच्या हातून गेली. तो लता मंगेशकरांनी विकत घेतला. १९४८ च्या आगीची किंमत अशी पुढची कित्येक वर्षं वसूल होत राहिली. आगीचं नुकसान पंचनाम्याच्या दिवशी पूर्ण झालेलं नसतं. घर पुन्हा बांधताना काढलेल्या कर्जात, मोडलेल्या शिक्षणात, विकलेल्या जनावरात ते पुढे वाढत जातं, आणि तेव्हा विचारायला कोणी येत नाही.

५. सरकारी रकाने आणि विम्याच्या अटी

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत द्यायच्या आपत्तींच्या यादीत आग आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे: सपाट भागातलं घर पूर्ण नष्ट झालं तर १,२०,००० रुपये. झोपडी नष्ट झाली तर ८,००० रुपये. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० रुपये आणि भांडी व घरगुती सामानासाठी कुटुंबामागे २,५०० रुपये. एका घरातलं सगळं अंगावरचं आणि सगळं चुलीभोवतीचं मिळून ५,००० रुपये. घरात तीन माणसं असोत की नऊ, आकडा तोच.

घराच्या मदतीसाठी बांधकाम अधिकृत असल्याची खातरजमा लागते. तिचे कागद बहुधा त्याच आगीत गेलेले असतात. भाडेकरूचं तर घरच नसतं, म्हणजे त्याच्या वाट्याला ते ५,०००. पोलिसांत 'अकस्मात जळीत' अशी नोंद होते, गावकामगार तलाठी येऊन पंचनामा करून जातो, आणि त्या कागदात 'संसारोपयोगी साहित्य' या दोन शब्दांत एका बाईचं चाळीस वर्षांचं आयुष्य बसवलं जातं.

बाईचं म्हणतो ते जाणूनबुजून. घर बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असतं, पंचनाम्यात माहिती तो देतो, मदतीचा धनादेशही त्याच्या नावाने निघतो. घरातल्या वस्तूंचा मोठा भाग मात्र तिचा असतो. स्त्रीधन ही पूर्णपणे स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं. माहेरची भांडी, दागिने, रुखवत यांची ती कायद्याने एकटी मालक आहे. तरीही आगीनंतर तिला स्वतंत्रपणे 'तुमचं काय गेलं?' असं विचारणारा रकाना नाही.

पुराशी तुलना केली की आगीचं एकटेपण लक्षात येतं. कोल्हापूरने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पुराला इशारा असतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. पाणी चढताना माणसं कागद, दागिने, देव वरच्या मजल्यावर नेतात, जनावरं सोडतात. पुरानंतर चिखलाने भरलेलं का होईना, काहीतरी हाताला लागतं. आणि पूर हजारोंना एकदम येतो, म्हणून मंत्री येतात, राज्यभरातून ट्रक येतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेहमीच्या दराच्या वर जाऊन पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये दिले. ते गरजेचंच होतं. पण त्याच वर्षी ज्याचं घर एकट्याचं जळालं, त्याच्यासाठी कोणी दर वाढवला नाही. दुःख एकट्याचं असलं की ते सरकारच्या नजरेत लहान होतं.

विमा घ्यावा, असा सल्ला मिळतो. सल्ला योग्य आहे आणि आपल्याकडे घराचा विमा फार थोडे लोक घेतात, हेही खरं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आगीचं संरक्षण आहे, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत घरातलं सामान आपोआप येतं, दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू ठरवलेल्या किमतीने वेगळ्या जोडता येतात. चांगली पॉलिसी आहे. पण वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा: हस्तलिखितं, आराखडे, कागदपत्रं, नोटा आणि नाणी, पॉलिसीत वेगळं नमूद केल्याशिवाय. वर तिसऱ्या टप्प्यात सांगितलेलं जवळपास सगळं. विमा कंपनीचा यात दोष नाही. ज्याची किंमत ठरवता येत नाही त्याचा विमा ती कसा उतरवणार? म्हणूनच 'विमा घेतला की झालं' हे उत्तर अर्धवट आहे.

६. आक्षेप

पहिला आक्षेप संतपरंपरेचा. वस्तूंचा लोभ धरू नये, हे आपल्याला शिकवलं गेलं आहे, मग जळाल्या तर शोक कशाला? या आक्षेपाचा मी सर्वांत जास्त आदर करतो, म्हणून त्याला उत्तर त्याच परंपरेतून देतो. तुकोबांनी सावकारीची आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत स्वतःच्या हातांनी बुडवली, असं परंपरा सांगते. ते त्यांचं सोडणं होतं, आणि त्याचा त्यांना खेद झाल्याचं कोणी सांगत नाही. पण पुढे अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, तेव्हा हेच तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून नदीकाठी बसले, असंही तीच परंपरा सांगते. महाराष्ट्रातल्या सर्वांत विरक्त माणसाने आपल्या वह्यांसाठी प्राण पणाला लावले आणि त्याला आपण लोभ म्हटलं नाही. स्वतः सोडलेलं आणि हिरावून घेतलेलं यांत फरक आहे. त्यागाचा उपदेश ज्याने त्याने स्वतःला करावा. ज्याचं आत्ताच सगळं गेलं आहे त्याला तो करणं म्हणजे हानीला त्यागाचं नाव देणं.

दुसरा आक्षेप: ही सुखवस्तू लोकांची चिंता आहे, गरिबाला पोटाची फिकीर असते. वस्तुस्थिती उलट आहे. हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या खोप्या उभ्या राहतात. पाचट, बांबू, प्लास्टिकचा कागद. त्या पेटतात तेव्हा काही मिनिटांत राख होते, आणि त्या राखेत उचलीतून उरलेले पैसे असतात, रेशनकार्ड असतं, पोराची वह्या-पुस्तकं असतात, सहा महिन्यांचा संसार असतो. श्रीमंताच्या घरातल्या दोनशे वस्तूंपैकी वीस स्वत्वाशी जोडलेल्या असतील. ज्याच्याकडे वीसच वस्तू आहेत त्याच्या बहुतेक सगळ्याच तशा असतात. शिवाय श्रीमंताच्या आठवणी बँकेच्या लॉकरमध्ये, भावाच्या फ्लॅटमध्ये, मोबाइलमध्ये विखुरलेल्या असतात. गरिबाचं सगळं एका छपराखाली असतं. त्यालाच आपण ८,००० रुपयांच्या रकान्यात टाकतो.

तिसरा आक्षेप असा की जिवाच्या आणि वस्तूच्या तुलनेत जीव मोठा, हे तुम्ही नाकारता का? मुळीच नाही. आगीच्या क्षणी वस्तूंसाठी एक पाऊलही मागे फिरू नये, हे मी प्रत्येकाला बजावून सांगेन. पण दोन गोष्टींतली एक मोठी असली म्हणून दुसरी शून्य होत नाही. एक पाय गमावलेल्या माणसाला 'जीव वाचला ना' म्हणून आपण घरी पाठवत नाही, उपचार करतो.

उरतो शेवटचा आणि व्यवहारी आक्षेप: जे भरून देता येत नाही त्याची नोंद करून उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो पैशांपुरता नाही.

७. काय बदलता येईल

पंचनाम्यात 'संसारोपयोगी साहित्य' असं मोघम लिहिण्याऐवजी वस्तूंची यादी घ्यावी. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाकडून, विशेषतः बायकांकडून, वेगळी. जळालेल्या कागदांची यादी त्याच पंचनाम्याला जोडावी, आणि तो पंचनामा हाच सगळ्या दुय्यम प्रतींसाठी पुरावा मानावा. तहसीलदाराने पंधरा दिवसांत आधार, रेशन, शाळा, बँक आणि भूमी अभिलेख यांच्या माणसांना एका जागी बसवून त्या कुटुंबाचे कागद करून द्यावेत, फी न घेता. पुराच्या वेळी गावात शिबिरं भरतात, मग एका घरासाठी एक दुपार का भरू नये? नवे कायदे यासाठी लागत नाहीत, जिल्हाधिकाऱ्याचं एक परिपत्रक पुरेसं आहे.

दर मात्र बदलावेच लागतील. कपडे आणि भांड्यांची मदत कुटुंबामागे न देता माणशी द्यावी आणि भाडेकरूला सामानाची वेगळी मदत मिळावी. झोपडीचा आकडा ज्याने ठरवला त्याने त्या पैशांत बांबू, पत्रे आणि ताडपत्री विकत घेऊन दाखवावी.

राख उपसण्याची घाई करू नये, ही विनंती गल्लीतल्या तरुण मंडळांना. आगीनंतर मदतीला धावणारी मुलं ही कोल्हापूरची मोठी श्रीमंती आहे. पण दुसऱ्याच सकाळी ट्रॅक्टर लावून सगळा राडारोडा उचलला जातो, आणि त्याच्याबरोबर वितळलेला साज, अर्धवट जळालेला दाखला, देवाचा टाकही जातो. आधी घरच्यांना त्यात बसू द्या, चाळणी द्या, शेजारी बसा, त्यांना वाटेल तेवढा वेळ घेऊ द्या.

नातेवाइकांनी आपापल्या मोबाइलमधले आणि अल्बममधले त्या घरातल्या माणसांचे फोटो शोधून प्रती काढून द्याव्यात. लग्नाचे, बारशाचे, वास्तुशांतीचे. त्या घराच्या आठवणींची दुसरी प्रत कुठे असलीच तर ती पाहुण्यांकडे असते.

आणि वाचकांना एवढंच सांगायचं आहे: ज्याचं घर जळालं आहे त्याच्याकडे जाल तेव्हा 'माणसं वाचली ना' हे वाक्य बोलू नका. ते त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. त्याला विचारा, काय काय होतं. मग तो सांगेल ते मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐका, आणि हाताशी कागद असेल तर लिहून घ्या.